चारच्या टपालातल्या चुका

मुलगी लग्न होऊन परदेशी गेली आणि वर्षाच्या आत तिच्या हट्टापायी आमच्या बदलापूरच्या घरात कॉम्प्युटर आला. मी निवृत्त होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. इंग्रजी अक्षरांत मराठी पत्रं लिहून मी तिला मेलने पाठवू लागलो. पहिल्याच पत्रानंतर तिचा फोन आला.

"बाबा, पत्रात आई कुठे गेली?"

"म्हणजे?"

"कोणाचा तरी गुडघा दुखतोय, शेक चाललाय, एवढं कळलं. पण कोणाचा, तिथे भलताच इंग्रजी शब्द आहे. आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा तर पक्षी झालाय."

मेलचा प्रोग्रॅम माझं मराठी सुधारत होता. मी फोन ठेवला, खुर्चीत बसलो आणि वरच्या पट्टीतलं टूल्स उघडलं. त्यात ऑप्शन्स, त्यात स्पेलिंग. पाठवण्याआधी शब्द तपासावेत अशी एक खूण तिथे होती, ती काढली. टाइप करता करता आपोआप शब्द बदलणारी दुसरी खूण आणखी एका पानावर असते, तीही काढली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

बायको शेजारी मेथी निवडत बसली होती.

"हे कुठे शिकलात?"

"ऑफिसात."

"ऑफिसात तर टाइप करायला मुलगी होती ना? मी यंत्राला हातही लावत नाही, असं ऐटीत सांगायचात."

मला तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेता आली असती. तशी सवयही होती. पण का कोण जाणे, त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. मेथीची जुडी संपेपर्यंत ती ऐकत होती.

"मग त्या मुलीला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?" असं म्हणून ती ताट उचलून आत गेली.

ते सगळं काय होतं, ते आता इथे लिहितो. ज्या फाइलमध्ये मी एका मुलीविरुद्ध खोटा शेरा लिहिला ती फाइल कारखाना बंद झाल्यावर रद्दीत गेली. खोडायला तो कागदच उरलेला नाही, म्हणून हा दुसरा कागद.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रबरी सील आणि रिंगा बनवणारा आमचा कारखाना होता. पन्नास-साठ माणसं. मी ऑफिसचा हेडक्लार्क. नवं शतक नुकतंच लागलं होतं, आणि मोठी गिऱ्हाइकं म्हणू लागली होती की पत्रं पाठवू नका, मेल करा. तेव्हा स्टोअरशेजारच्या खोलीत काचेची केबिन करून कॉम्प्युटर बसवला. बाहेर चपला काढून आत जायचं. यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालत, आणि हळदकुंकू मी स्वतः एंटरच्या बटणाला लावत असे, कारण तेवढं एकच बटण मला ओळखीचं होतं.

टाइपिंगला एक मुलगी आली. अंबरनाथच्याच बुवापाड्यातली, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहणारी. वडील एका कारखान्यात फिटर होते, ते गेले होते. घरात आई आणि शिकणारा भाऊ. मराठी-इंग्रजी दोन्ही टाइपिंगच्या परीक्षा पास. सहा महिने तात्पुरती, मग माझा शेरा बघून कायम, अशी बोली होती. कायम होणं तिच्यासाठी काय होतं ते मला माहीत होतं. डबा खाताना एकदा ती म्हणाली होती, "सर, कायमची ऑर्डर मिळाली की आई शिवणाची कामं सोडणार आहे. तिचे डोळे गेलेत जीन्सच्या शिलाईत."

काम करायची माझी एक पद्धत होती, आणि या गोष्टीतलं सगळं त्या पद्धतीतून झालं. टपाल आमच्याकडे तीस वर्षं चार वाजता निघत असे. मसुदा मी हाताने लिहायचा, टाइप होऊन आला की लाल पेन्सिलीने तपासायचा, दुरुस्त प्रतीवर सही करायची. एक प्रत ऑफिसच्या फाइलला. तिला आम्ही ओ.सी. म्हणायचो. मग जावक नोंदवहीत नंबर पडायचा आणि पाकीट मी माझ्या हाताने बंद करायचो. पाकीट बंद करणं हा हेडक्लार्कचा मान होता. मेल आली तरी मी यातलं काही सोडलं नाही. मुलगी मेल टाइप करी, प्रिंट काढी, मी तपासून सही करी, ती प्रत ओ.सी.ला लागे. दिवसभराच्या मेल तशाच थांबवून ठेवलेल्या. चारला मी केबिनशी चपला काढायचो, ती खुर्ची सोडायची आणि जावक नोंदवही घेऊन बाहेरच्या टेबलावर नंबर घालायला बसायची. फोन लाइनचा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. मोडेम किरकिर करून जोडला जाई, आणि मी एकेक मेल उघडून सेंड दाबत असे. पाकीट बंद करण्याच्या जागी आता सेंड होतं, आणि ते दुसऱ्या कुणी दाबलेलं मला चाललं नसतं.

पहिले तीन महिने सगळं सुरळीत चाललं. टाइप करताना काही शब्दांखाली लाल रेघा येत, आमच्या इंग्रजी वाक्यांखाली हिरव्या. मुलगी म्हणे, "सर, हिरवी रेघ म्हणतेय तुमचं वाक्य चुकलंय." मी म्हणे, "तिला म्हणावं, तीस वर्षं हेच वाक्य जातंय आणि माल पोचतोय." ती हसे. प्रोग्रॅमने मधेच एखादा शब्द बदलला की ती तिथल्या तिथे परत करी. तिचं लक्ष बारीक होतं. मी लाल पेन्सिल हातात घेऊन बसायचो, पण ती कागदाला क्वचितच लागायची.

मग एकदा यंत्रात व्हायरस शिरला. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला एक सिंधी दुकानदार आमच्या यंत्राचं बघत असे. पन्नाशीचा, पांढरा बुशशर्ट, बोलायला मोकळा. यंत्र नेऊन, पुसून, सगळं नव्याने भरून त्याने आठवड्याने आणून दिलं. "साईं, अभी नया माल डाला है, सब फुल ऑप्शन चालू करके दिया है," असं म्हणून तो गेला.

त्यानंतर सेंड दाबलं की एक चौकट येऊ लागली. त्यात इंग्रजीत काही विचारलेलं असे आणि बाजूला पाच-सहा बटणं. माझा जवळचा चष्मा आत माझ्या टेबलावर असायचा. पासवर्ड पाठ होता आणि सेंडचं बटण कुठे आहे ते माहीत होतं, त्यामुळे केबिनमध्ये तो नेण्याची मला कधी गरज वाटली नव्हती. मी एंटर दाबायचो. चौकट पुन्हा यायची. पुन्हा एंटर. चार-पाच वेळा झालं की मेल निघून जाई. महत्त्वाचं पत्र असलं की यंत्र खात्री करून घेतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. लांबलचक पत्राला ते दहा-दहा वेळा विचारायचं, तेव्हा मला बरंसुद्धा वाटायचं.

महिन्याभरात फोन सुरू झाले. एका गिऱ्हाइकाच्या खरेदी अधिकाऱ्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही, पण आमच्या मेलमध्ये त्यांची एक विलायती भाजी झाली होती. नायट्राइल रबराच्या सीलचा भाव मागितलेल्या दुसऱ्या एकांना आम्ही नायट्राइटचा भाव कळवला होता. तो माणूस फोनवर म्हणाला, "अहो, ते मीठ असतं. त्याची रिंग कशी करता ते दाखवा एकदा." शेवटी पुण्याच्या एका मोठ्या पार्टीने आमच्या मेलचा प्रिंट काढून, सात ठिकाणी गोल करून, थेट आमच्या फॅक्टरी मॅनेजरांना पाठवला. खाली एकच ओळ होती की तुमच्याकडे पत्र वाचून पाठवायची पद्धत आहे का.

मॅनेजर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला काका म्हणायचे. त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला.

"काका, हे तुमच्या हाताखालून जातं ना?"

"तपासूनच जातं."

"मग हे काय आहे?"

मी ओ.सी. काढली. तिच्यात सातही शब्द बरोबर होते, खाली माझी सही होती. मी ती फाइल त्यांना दाखवली नाही, घेऊन सरळ केबिनकडे गेलो. नेहमी मी मुलीला अगं-तुगं करायचो. राग आला की मॅडम म्हणायचो.

"मॅडम, हे तुम्ही टाइप केलंत?"

तिने दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत वाचले. "सर, ओ.सी.त बरोबर आहे. तुमची सही आहे त्याच्यावर."

"म्हणजे हवेत बदललं?"

"पाठवलेल्या मेल आत जमा होतात, त्यात मी कालच बघितलं. तिथे चुकलेलंच आहे. म्हणजे प्रिंट काढल्यानंतर, जाताना काहीतरी होतंय."

"पोस्टमन पत्र फोडून चुका घालतो म्हणायचं."

"तसं नाही, सर." तिने दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले. "आज चारला मी पाठवून बघू का? एकच मेल. तुम्ही बाजूला उभे राहा."

इतकी साधी गोष्ट होती. ती खुर्चीत बसली असती तर चौकट तिला पहिल्याच मेलला दिसली असती. मी म्हणालो, "सही माझी, सेंडही मीच दाबणार. तुम्ही तुमचं टाइपिंग बघा."

तिची सहा महिन्यांची मुदत त्याच महिन्यात संपत होती. मॅनेजर म्हणाले, "काका, शेरा तुम्हीच द्या. तुम्ही लिहाल ते मी मान्य करीन." मी लिहिलं की टंकलेखनात हलगर्जी आढळते, कायम करण्यापूर्वी आणखी सहा महिने पाहावे. खाली सही केली. शेरा तिला दाखवून तिचीही सही घ्यायची असते. तिने तो दोनदा वाचला.

"सर, हलगर्जी म्हणजे नक्की कुठलं पत्र?"

"किती सांगू?"

तिने सही केली. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ होतं. त्यानंतर ती डबा टेबलावर एकटीच खाऊ लागली.

तोवर मी चुकत होतो. चुकीला क्षमा असावी असं मला वाटतं. पुढचं मात्र चूक या सदरात बसत नाही.

सिंधी दुकानदार एकदा येऊन कीबोर्ड बदलून गेला. फरक पडला नाही. तेव्हा एका संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मीच शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेलो. त्याचं दुकान जीन्स शिवणाऱ्या दोन गाळ्यांच्या मधे होतं. तो एका कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यातून जीन्सचा निळा धुरळा ब्रशने काढत होता.

"देखो, आधा कॅम्प का पैंट इसके अंदर है," तो म्हणाला. "बोलो, अपना मशीन अभी भी तंग करता है?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ब्रश खाली ठेवला.

"टाइप में बराबर. प्रिंट में बराबर. जाने के बाद गलत?"

"हां."

"तो बीच में एकही चीज बची ना. सेंड करते टाइम डब्बा आता होगा, ये शब्द गलत है, बदली करूं क्या, ऐसा पूछता है. एंटर मारा तो बदली कर देता है. वो मैंनेही चालू करके दिया था, अच्छी चीज है, लेकिन पढके दबाना मंगता है." मग त्याने विचारलं, "सेंड कौन दबाता है?"

माझ्या डोळ्यांपुढे ती चौकट आली, आणि एंटरवरचं माझं बोट. मी म्हणालो, "लडकी."

"तो लडकी को बोलो आंख खोलके दबाए," असं म्हणून त्याने एका जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे टूल्स, ऑप्शन्स, स्पेलिंग असं ओळीने लिहून दिलं.

त्या दुकानात मला ओळखणारं कुणी नव्हतं. खरं सांगून माझं काहीच बिघडणार नव्हतं. तरी तोंडातून तोच शब्द आला, कारण तोवर मी तो स्वतःशी इतक्या वेळा म्हणालो होतो.

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. त्या शुक्रवारी सकाळी मी बदलापूरहून बसने कारखान्यात गेलो. वॉचमन म्हणाला, "आज कसे साहेब?" मी म्हणालो, "एक कागद राहिलाय." चपला काढल्या, आवरण काढलं. आज चष्मा बरोबर होता. कार्डावर लिहिल्याप्रमाणे करत गेलो आणि खूण काढली. भाजी झालेल्या त्या अधिकाऱ्यांचं आडनाव लिहून आमच्याच पत्त्यावर एक मेल पाठवली. चौकट आली नाही. मेल परत आली तेव्हा आडनाव जसंच्या तसं होतं. मग ती चाचणीची मेल मी पुसून टाकली.

शनिवारी चारला अकरा मेल एका दमात गेल्या. मुलगी बाहेरच्या टेबलावरून म्हणाली, "सर, आज लवकर झालं."

"लाइन चांगली होती," मी म्हणालो.

शेरा तेव्हा मॅनेजरांच्या ट्रेमध्येच पडून होता. मुदतवाढीचं पत्र निघायला चार दिवस बाकी होते. मी रोज त्या ट्रेसमोरून जात होतो. महिन्याने मॅनेजर खुशीत म्हणाले, "काका, एक तक्रार नाही. बघा, शेरा मारला की माणूस कसा सुधारतो." मी मान डोलावली.

एक गोष्ट आणखी आहे, आणि ती लिहायला मला सगळ्यात जड जातं. तिच्या जागी आमच्या आळीतली, आमच्यासारख्या घरातली मुलगी असती तर मी आधी यंत्राला दोष दिला असता. चार दिवस थांबलो असतो. शेरा इतका चटकन लिहिला नसता. हे मला तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. मी जातपात मानत नाही असं मी चारचौघांत सांगत असे, आणि मला ते खरं वाटत असे.

पुढे ती कायम झाली, पण सहा महिने उशिरा. त्या मधल्या काळात स्टोअरमध्ये तिच्यानंतर लागलेला एक जण तिच्या आधी कायम झाला. मी निवृत्त झालो, हार घेतला, घरी आलो. नंतर कारखान्याची कामं घटली आणि माणसं कमी करायची यादी निघाली. कायम झाल्याच्या तारखेवरून ज्येष्ठता लावली, शेवटचा आधी गेला. हे मला आमच्या त्याच वॉचमनने बदलापूरच्या बाजारात सांगितलं. "ऑफिस आणि स्टोअर मिळून एकच नाव काढायचं होतं साहेब. स्टोअरवाला वाचला, मॅडम गेल्या." कांदे निवडता निवडता त्याने सांगितलं आणि वाटेला लागला. वर्षाच्या आत कारखानाही बंद पडला, हे खरं. पण ते एक वर्ष तिचं होतं.

मेथीच्या त्या दिवसानंतर मी वॉचमनला गाठलं आणि ती कुठे असते ते विचारलं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये तिने टाइपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. अंबरनाथहून मी शेअर रिक्षाने गेलो. खाली पापडाचं दुकान, वर क्लास. जिन्यातच टाइपरायटरांचा खडखडाट ऐकू आला. परीक्षेसाठी तेव्हा अजून टाइपरायटर लागत. एका बाजूला ते होते, दुसऱ्या बाजूला सहा कॉम्प्युटर. दाराशी चपलांची रांग. ती टेबलाशी बसून कागद तपासत होती, हातात लाल पेन्सिल. जरा भरली होती, चष्मा लागला होता.

"सर?" ती उठली. "चढून कशाला आलात, खालून हाक मारायची."

मी बसलो आणि पाणी प्यायच्या आधी सांगायला सुरुवात केली. चौकट, एंटर, कॅम्प तीनचं दुकान, 'लडकी', शुक्रवार, ट्रे. तिची पेन्सिल कागदावर टेकवलेली तशीच होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मी नव्हते?"

"नाही."

"मला वाटायचं प्रिंट काढल्यावर माझाच हात कुठेतरी लागतो." ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती. "नंतर कितीतरी दिवस मी प्रत्येक ओळ तीनदा वाचायचे. वाण्याची यादीसुद्धा. आई म्हणायची, डाळीचं स्पेलिंग कोण बघतंय तुझं."

मी म्हणालो की मला माफ कर. ती टाइप करणाऱ्या एका मुलीला म्हणाली, "पाठ सरळ ठेव." मग माझ्याकडे वळली.

"तोंडी नको, सर. लिहून द्या. मॅनेजर साहेबांचा मेल पत्ता आहे का?"

"आहे. दिवाळीला शुभेच्छा येतात त्यांच्या."

"मग त्यांना लिहा. विषय, संदर्भ, सगळं घालून. टाइप तुम्हीच करायचं."

तिने मला कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला. एका बोटाने टाइप करायला मला तास लागला. पलीकडची दोन मुलं माझ्याकडे बघून हसत होती, ती त्यांना म्हणाली, "हसू नका, सरांनी मला मसुदा करायला शिकवलाय." हे ऐकून मला आणखीच कानकोंडं झालं. प्रिंट काढून तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा सारखा करून वाचला आणि पेन्सिलीने एका शब्दावर आडवी रेघ मारली. मी लिहिलं होतं की 'माझ्याकडून अनवधानाने आपल्या कर्मचाऱ्यावर अन्याय झाला.'

"अनवधानाने काढा."

"अगं, चष्मा नव्हता, मला खरंच..."

"चष्मा नव्हता तोवर होतं अनवधानाने. कॅम्प तीनला त्याने विचारलं तेव्हा नव्हतं. शुक्रवारी तर चष्मा घेऊनच गेला होतात."

तीस वर्षं मी लाल पेन्सिल चालवली, पण इतकी नेमकी रेघ माझ्या हातून कधी मारली गेल्याचं आठवत नाही. मी शब्द काढला. वाक्य छोटं झालं, वाचायला कठीण झालं, आणि बरोबर झालं. नवीन प्रिंटवर मी सही केली. तिने तो फाइलला लावला, आणि म्हणाली, "उठा सर. सेंड मी दाबते."

मी उठलो. सवयीने नोंदवही शोधू लागलो, तर तिने खरोखरच ड्रॉवरमधून एक वही काढून दिली. क्लासचीही जावक नोंदवही होती. मी नंबर घालायला बसलो, पण नजर पडद्याकडेच होती. सेंड दाबल्यावर चौकट आली. तिच्या यंत्रात ती खूण चालूच होती. एकेक शब्द येत गेला, ती वाचत गेली आणि 'सोडा' या अर्थाचं बटण दाबत गेली. तिचं स्वतःचं आडनाव आलं, त्याच्याखाली कुठलासा इंग्रजी शब्द सुचवलेला. तेही तिने वाचलं आणि सोडलं.

"काढून का टाकत नाहीस ही खूण?" मी विचारलं.

"पोरांना वाचायची सवय लागते," ती म्हणाली. "चहा मागवू? खाली चांगला मिळतो."

चहा चांगला होता. तिने आईची हकीगत सांगितली. शिवण कधीच सुटलं होतं, आता ती दुपारी क्लासला येऊन पंख्याखाली बसते आणि मुलं हजर आहेत की नाहीत ते बघते. त्या दिवशी आई विहारात गेली होती. तिने मला माफ केलं की नाही, ते मी पुन्हा विचारलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "कठड्याला धरून उतरा."

मॅनेजरांचं उत्तर दोन दिवसांनी आलं, तिला आणि मला दोघांना. त्यांनी लिहिलं होतं, 'मुदतवाढीच्या पत्रावर सही माझीही होती, ओ.सी. मागवून बघायला हवी होती.' तिच्या कामाबद्दलचं एक पत्र त्यांनी सोबत जोडलं होतं, तारीख आजची पण मजकूर तेव्हाचा, टंकलेखन अचूक असल्याचा. ते तिने क्लासमध्ये लावलं की फाइलला, मला ठाऊक नाही.

क्लासला गेलो त्या दिवशी संध्याकाळी मी बदलापूरला घरी पोचलो तेव्हा बायको ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. मी चपला काढल्या.

"सांगितलंत?"

"लिहून दिलं."

"काय म्हणाली?"

"एक शब्द काढला."

"कुठला?"

मी खिशातून रेघ मारलेला तो पहिला प्रिंट काढून तिच्या हातात दिला. तिने उजेडाकडे धरून रेघेखालचा शब्द वाचला, मग वरपासून खालपर्यंत सगळं पत्र वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं.

"बरोबर काढला," ती म्हणाली, आणि बाजूला सरकून मला ओट्यावर जागा करून दिली.